चेअरमनसाहेब, खड्ड्यात कोणी आहे का?

पुण्यातल्या गृहनिर्माण संस्थांचे अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि तमाम कमिटी मेंबर यांस,



आपल्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून, ट्रान्सफॉर्मर आणि पंपरूम यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, विटांचा एक हौद आहे. त्यावर हिरव्या ऑइलपेंटने ‘गांडूळ खत प्रकल्प’ असं लिहिलेलं आहे. हौदाला पत्र्याचं झाकण आहे, झाकणाला कुलूप आहे, आणि त्या कुलपाची किल्ली कोणाकडे आहे हे कमिटीत विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघतात. हे पत्र त्या हौदाबद्दल आहे.

सगळ्याच सोसायट्यांत असं आहे असं मी म्हणत नाही. कोणी सल्ल्यासाठी बोलावलं म्हणून, कोणाकडे वासाची तक्रार आली म्हणून, मी या शहरातले बरेच खड्डे वाकून बघितले आहेत. काही इतके झकास चाललेले की शेजारी खुर्ची टाकून चहा प्यावा. पण एका ठिकाणी झाकण उघडलं तर आत थर्माकोलचं मखर, दोन पीव्हीसी पाइप आणि एक मोडका मॉप निघाला. एका ठिकाणी नुसते नारळ. आणि एका ठिकाणी, तपासणीला माणूस येणार अशी कुणकुण लागल्यावर, नर्सरीतून दोन पोती खत आणून ओतलं होतं. त्या खतात गांडुळंही होती, बिचारी. तपासणी झाली, फोटो निघाले, आणि पुढच्या पंधरवड्यात ऊन लागून ती मेली.

असं का होतं, याचं उत्तर ‘आपण लबाड आहोत’ असं देणं सोपं आहे, पण ते खरं नाही. मला भेटलेले बहुतेक चेअरमन सज्जन, निवृत्त आणि भयंकर थकलेले गृहस्थ होते. लिफ्ट, पाण्याचा टँकर, पार्किंगची भांडणं आणि वरच्या मजल्यावरची गळती यांतून त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. घोळ वेगळाच आहे. हा खड्डा आपल्याकडे बांधकाम म्हणून आला. बिल्डरने नकाशात दाखवला, बांधून दिला, ताबा देताना यादीत लिहिला: लिफ्ट दोन, पंप तीन, गांडूळ प्रकल्प एक. म्हणून आपणही तो बांधकामासारखाच वागवला. रंग दिला, कुलूप लावलं, झालं.

पण तो गोठा आहे, साहेब. गोठा बांधून आत गाई सोडल्या की दूध आपोआप येत राहील असं कोणी समजत नाही. वैरण-पाणी, शेण काढणं, जनावर सुस्त दिसलं तर चौकशी करणं, हे रोजचं असतं आणि ते करणारा माणूस ठरलेला असतो. आपल्या हौदातली जनावरं बोटभर लांबीची आणि मुकी आहेत, एवढाच फरक. त्यांना फुप्फुसं नाहीत. ती सगळ्या अंगाने, ओल्या कातडीतून श्वास घेतात. कातडी वाळली की जीव गेला, आणि पाणी साचून आतली हवा संपली तरीही गेला. इतक्या नाजूक प्राण्याला आपण कुलपात ठेवतो आणि सहा महिन्यांनी ‘आमच्याकडे गांडूळ टिकत नाही’ असा शेरा मारतो.

आता जरा हिशेब करू. कमिटीला हिशेब आवडतो. ४० फ्लॅटची सोसायटी धरा. घरटी रोज अर्धा किलो ओला कचरा म्हटलं तरी २० किलो झाला. गांडुळं पुरवणारा माणूस येतो, दोन किलो गांडुळं शेणात मिसळून हौदात सोडतो, पावती देतो आणि जातो. सगळं मनासारखं असेल तर गांडूळ दिवसाला साधारण स्वतःच्या निम्म्या वजनाइतकं खातं. म्हणजे दोन किलो गांडुळं एक किलो कचरा संपवणार. उरलेल्या १९ किलोंचं काय करायचं, हे त्या पावतीवर लिहिलेलं नसतं. दुसऱ्या दिवशी आणखी २० किलो येतात. आठवड्याभरात ढीग आंबतो, खालून काळं पाणी झिरपायला लागतं, झुरळं होतात, आणि दुसऱ्या मजल्यावरचे कुलकर्णी किंवा पाटील किंवा जे कोणी असतील ते व्हॉट्सॲप ग्रुपवर नाकाला रुमाल लावलेला इमोजी टाकतात. पुढच्या मीटिंगमध्ये प्रकल्प बंद.

शिवाय ताज्या ओल्या कचऱ्याचा मोठा ढीग केला की तो आतून तापतो. सूक्ष्मजीवांचं कामच तसं असतं. चांगल्या रचलेल्या ढिगात तापमान ५५-६० अंशांपर्यंत सहज जातं. साध्या कंपोस्टला ती उष्णता हवीच असते, रोगजंतू आणि तणाचं बी त्यात मरतं. गांडुळाला मात्र ३५ अंशांच्या पुढे जगणं कठीण. त्यामुळे जाणती माणसं कचरा थेट गांडुळांच्या अंगावर ओतत नाहीत. आधी तो पालापाचोळ्यात मिसळून दुसऱ्या टाकीत दहा-पंधरा दिवस अर्धवट कुजू देतात, गरमी उतरली की पातळ थर करून हौदात घालतात. म्हणजे एका हौदाने भागत नाही, निदान तीन कप्पे लागतात: एक भरता, एक मुरता, एक गांडुळांचा. बिल्डरने एकच बांधून दिला असेल तर उरलेल्या दोन कप्प्यांसाठी जाळीचे साधे पिंप चालतात. त्यासाठी टेंडर काढायची गरज नाही.

जागेबद्दलही एक सांगते. पंपरूमजवळची जागा आपण देतो, कारण तिथे दुसरं काही होत नाही. १८८१ साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, चार्ल्स डार्विनने गांडुळांवर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यासाठी त्याने घरात कुंड्यांमध्ये गांडुळं पाळली होती. त्यांच्यासमोर मुलाला बसून वाद्य वाजवायला लावलं, पियानो बडवून बघितला, ओरडून बघितलं, गांडुळं ढिम्म. त्यांना कान नसतातच. पण त्याच कुंड्या उचलून पियानोवर ठेवल्या आणि एक पट्टी दाबली, तेव्हा गांडुळं झटक्यात बिळात गेली. ऐकू येत नाही, पण हादरा कळतो. आपला साडेसात हॉर्सपॉवरचा पंप दिवसातून तीनदा सुरू होतो आणि हौदाची भिंत पंपरूमच्या भिंतीला चिकटलेली असते. हौद हलवता येत नसेल तर निदान तळाशी विटांचे तुकडे आणि नारळाच्या शेंड्यांचा जाड थर द्या. जमत असेल तर एखाद्या झाडाखाली, दुपारचं ऊन न येणारी जागा बघा. पत्र्याचं झाकण तर आजच काढा. एप्रिलमध्ये त्या पत्र्याखाली काय होत असेल हे बघायचं असेल तर दुपारी दोनला त्यावर हात ठेवून बघा. झाकायला ओलं गोणपाट आणि वर बारीक जाळी पुरते. जाळी घूस, चिचुंद्री, कावळे आणि भारद्वाज यांच्यासाठी. भारद्वाजाला आपला प्रकल्प फार आवडतो.

खायला काय घालावं याच्या याद्या आपण लिफ्टमध्ये लावलेल्या असतात, पण त्या कोणी वाचत नाही. थोडक्यात सांगायचं तर फळांची-भाज्यांची सालं, केळीचं साल, पपई, कलिंगड, निवडून उरलेले देठ, गाळणीतला चहाचा चोथा (दूध-साखरेचा चहा असेल तर पाण्याखाली धरून), अंड्याची कुस्करलेली टरफलं, हे सगळं उत्तम. लिंबू-संत्र्याची सालं आणि कांद्याचे पापुद्रे जरा बेताने. तेलाची भाजी, लोणचं, पापड, पनीर, मासळी, मटण हे हौदात नको. मीठ तर अजिबातच नको, कारण मिठाने गांडुळाच्या कातडीतलं पाणीच निघून जातं. पावसाळ्यात पार्किंगमध्ये गांडुळं आली की त्यांच्यावर मीठ मारणारे लोक मी बघितले आहेत, सुशिक्षित लोक, आणि त्याच इमारतीच्या दारात ‘पर्यावरणपूरक सोसायटी’ची पाटी बघितली आहे. दर महिन्याला येणारा पेस्ट कंट्रोलवालाही हौदाच्या बाजूने फवारा मारत जातो, कारण तिथे झुरळं दिसतात असं त्याला कोणीतरी सांगितलेलं असतं. त्याला तेवढा कोपरा सोडायला सांगणं हे सेक्रेटरींचं काम. फुकटचं आहे, एका फोनचं.

आता पानांचं. या शहरात थंडी संपता संपता रस्तोरस्ती पानांचा खच पडतो: वर्षावृक्ष, गुलमोहर, पिंपळ, आपल्याच आवारातले बदाम आणि अशोक. आपण ती पानं झाडून काळ्या पिशव्यांत भरतो आणि बाहेर देतो. काही ठिकाणी पहाटे वॉचमन गुपचूप जाळतो. धूर सकाळी फिरायला निघालेल्यांच्या नाकात जातो. आणि मग ओल्या कचऱ्याला वास येतो म्हणून आपण कोकोपीटच्या विटा विकत आणतो! भाजीच्या सालांत ऐंशी-नव्वद टक्के पाणीच असतं. ते शोषायला आणि आत हवा खेळती ठेवायला जे कोरडं, काडीकाडीचं लागतं ते आपल्या झाडांनी आयतं आणून टाकलेलं असतं. एक बादली ओलं, त्यावर एक-दोन बादल्या चुरलेली पानं, एवढं जरी पाळलं तरी आपल्या निम्म्या तक्रारी जातील. पुण्यात ‘ब्राऊन लीफ’सारखी मंडळी हेच करतात; एकाच्या अंगणातली पानं ज्याला हवी त्याच्या अंगणात पोचवतात. आपल्या सोसायटीला पानांची कमतरता पडेल अशी वेळ आली तर मला जरूर कळवा, मी पेढे घेऊन येईन.

खालून झिरपणाऱ्या पाण्याबद्दल एक गैरसमज आहे, तोही इथेच काढून टाकू. ते काळं, आंबूस पाणी म्हणजे व्हर्मीवॉश नव्हे. व्हर्मीवॉश हा जोमदार गांडुळांच्या आणि तयार खताच्या थरांतून स्वच्छ पाणी थेंबथेंब सोडून मिळतो, आणि त्याला वास येत नाही. आपण बाटल्यांत भरून सभासदांना वाटतो ते न कुजलेल्या कचऱ्याचं पाणी असतं. कुंडीतली तुळस त्याने जळाली की दोष गांडुळांवर.

आणि गांडुळं कोणती? इथे बाजारात ‘गांडूळ कल्चर’ म्हणून मिळतात त्यांत मुख्यतः दोन जाती असतात: युरोपातून जगभर गेलेली, अंगावर पिवळट-तांबडे पट्टे असलेली आयसेनिया फेटिडा, आणि आफ्रिकेतून आलेली, लांब, जांभळट चमकीची युड्रिलस युजिनी. आपल्याकडची पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटस ही कोणी न बोलावता कुजत्या ढिगात येते आणि हात लावला की वळवळून उड्या मारते. ही सगळी वरच्या थरातली, कुजका पालापाचोळा खाणारी. पावसात बागेच्या वाफ्यातून वर येणारी गांडुळं वेगळी. ती माती खातात, खोल बिळं करतात, आणि हौदात नेऊन टाकली तर राहत नाहीत. त्यांना हौद नको, नुसती माती हवी. ती आपण पेव्हर ब्लॉकखाली पुरत चाललो आहोत, तो विषय वेगळ्या पत्राचा.

नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकरांना मानणारे एखादे सभासद तुमच्याकडेही असतील. पाळेकर आयसेनिया फेटिडाला गांडूळच मानत नाहीत. ते परकं, घातक जनावर आहे आणि त्याच्या खतातून जड धातू पसरतात, असं ते वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. हे सभासद सभेत उठून तेच म्हणतील. त्यांना उडवून लावू नका, पण सगळं कबूलही करू नका. फेटिडा शेत नांगरत नाही, हे बरोबर. ती परकी आहे, हेही बरोबर. गांडुळाच्या अंगात जड धातू साठतात, हे खरं आहे, आणि म्हणूनच त्यांना काय खाऊ घालतो याला महत्त्व आहे. बॅटरी, ट्यूबलाइट आणि रंगीत चकचकीत कागद हौदात जाता कामा नयेत. पण ती गांडूळच नाही म्हणणं प्राणिशास्त्राला धरून नाही. शेतकऱ्याने शेतातली गांडुळं जपावीत हा पाळेकरांचा आग्रह मला पटतो. सोसायटीच्या हौदात प्रश्न शेताचा नसून कारल्याच्या बियांचा आणि पपईच्या सालांचा आहे, आणि तिथे पृष्ठभागावर खाणारं जनावरच कामाचं.

या शहराला हे नवं नाही. प्रयोग परिवाराचे श्री. अ. दाभोलकर, व्यवसायाने गणिताचे प्राध्यापक, शेतकऱ्यांना आणि गच्चीवरच्या बागवाल्यांना पालापाचोळ्यापासून माती कशी घडते हे वहीत मोजमाप मांडून शिकवत होते. पुण्यातच उदय भवाळकरांनी (ध्रुपद गाणारे नव्हेत, हे रसायन अभियंते) गांडुळांवर संशोधन करणारी संस्था काढली. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत इथली, १९९३ची. तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली, आणि तिच्या सभासद काही सोसायट्यांचे खतखड्डे मोबदला घेऊन सांभाळतात. म्हणजे ज्ञान आहे, माणसं आहेत, हौदही आहे. अडतं ते पुढच्या गोष्टीवर, आणि या पत्राचं खरं कारण तेच आहे.

महापालिका मिळकतकरात सवलत देते. गांडूळखत, सौरऊर्जा, पर्जन्यजल संधारण, यांपैकी एक प्रकल्प असेल तर ५ टक्के, दोन किंवा जास्त असतील तर १० टक्के. अट एकच, प्रकल्प चालू असला पाहिजे. आता बघा: हौद सोसायटीचा, खर्च सोसायटीचा, वास सोसायटीचा, पण मिळकतकराचं बिल येतं प्रत्येक फ्लॅटमालकाच्या नावावर. सवलतही त्याच्याच खिशात जाते. तो रांगेत उभा राहून किंवा मोबाइलवरून बिल भरतो, वजा झालेली रक्कम बघतो, खूश होतो आणि विसरतो. सोसायटीच्या ताळेबंदात ते पैसे कधी दिसतच नाहीत. मग खजिनदार म्हणतात, या कामाला माणूस ठेवायला पैसे कुठून आणायचे? खजिनदार खोटं बोलत नाहीत. त्यांच्या वहीत खरंच पैसे नाहीत. ते चाळीस घरांत वाटून गेलेले आहेत.

आणि काम मात्र जातं हाऊसकीपिंगच्या मावशींवर. कॉन्ट्रॅक्टमध्ये ते नसतं. जिना, पार्किंग, लॉबी, कचरा गोळा करणं यांच्यावर ‘जरा ते गांडुळाचंही बघा’ असं तोंडी सांगितलेलं असतं. हातमोजे नाहीत, खुरपं नाही, चाळणी नाही. ओल्या कचऱ्यातून डायपर आणि ब्लेड वेगळं काढायचं तेही त्यांनीच. अशा परिस्थितीत त्यांनी हौदाला कुलूप लावून किल्ली हरवली असेल तर मी त्यांना दोष देणार नाही.

सिंहगड रस्त्याच्या बाजूला एका सोसायटीत मात्र एक मावशी मला स्वतः हौदाकडे घेऊन गेल्या. गोणपाट बाजूला केलं, वरचा थर बोटांनी सरकवला आणि मूठभर घेऊन दाबला. बोटांच्या फटीतून एक थेंब आला. एवढंच हवं, म्हणाल्या, धार लागली तर दोन दिवस पाणी बंद. मग नखावर एक दाणा घेऊन तो उजेडात धरला: मोहरीपेक्षा जरा मोठा, दोन्ही टोकांना निमुळता, पिवळसर. गांडुळाचा कोष. तो उबायला आला की लालसर होतो, आणि एकेका कोषातून दोन-चार पिल्लं, पांढऱ्या दोऱ्याच्या तुकड्यांसारखी, बाहेर येतात. दीड-दोन महिन्यांत ती स्वतः कोष घालायला लागतात. म्हणजे सुरुवातीला दोन किलो आणली तरी पुढे विकत आणायची गरज नाही, जितकं खायला मिळेल आणि जितकी जागा असेल तितकी ती वाढतात आणि थांबतात. (सभेत दरवेळी कोणीतरी विचारतं, ती वाढत वाढत पाइपातून वर आली तर? येत नाहीत. उजेडापासून ती पळतात आणि तुमच्या टाइल्सवर त्यांना खायला काही नाही.) त्या हौदातलं खालचं खत काळं, रवाळ होतं, पहिल्या पावसाच्या मातीचा वास येत होता. मावशींना हे सगळं कोणी शिकवलं विचारलं तर म्हणाल्या, रोज बघते ना. त्या सोसायटीने त्यांना या कामाचे वेगळे पैसे ठरवून दिले होते. दुसरं काहीही विशेष त्या सोसायटीत नव्हतं. आपल्याइतक्याच भांडकुदळ लोकांची होती.

म्हणून माझी मागणी अशी. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत, जी आपण ३० सप्टेंबरच्या आत घ्यायचीच आहे, एक ठराव आणा. ज्या सभासदाला हौदापोटी मिळकतकरात सवलत मिळाली त्याने तेवढी रक्कम सोसायटीच्या ‘खत’ या स्वतंत्र खात्यात भरावी. सगळी नाही तर निम्मी तरी. त्यातून एका माणसाचे रोजचे तास-दीड तास विकत घ्यावेत, लेखी, कामाच्या यादीसकट: मुरता कप्पा हलवणं, पातळ थर घालणं, ओलावा बघणं, आठवड्याने खत चाळणं. त्याच पैशांतून हातमोजे, बूट, खुरपं, चाळणी. हे माणूस आपल्या मावशी असोत, ‘स्वच्छ’च्या असोत किंवा बागेचा माळी असो. पण त्याचं नाव हौदाच्या पाटीवर असू द्या, चेअरमनांच्या नावाच्या जागी.

विरोध होईल. ‘आमची सवलत आम्हाला कायद्याने मिळते, तुम्ही कोण मागणारे?’ असं पहिल्या रांगेतूनच येईल. त्यांना शांतपणे विचारा, की प्रकल्प चालू असेल तरच सवलत, आणि तो चालू आहे असं आपण कोणाच्या भरवशावर लिहून देतो? सहीची वेळ आली की सेक्रेटरींचीच सही लागते. खोट्या प्रमाणपत्रावर दरवर्षी सही करण्यापेक्षा एका सभेत वाईटपणा घेतलेला परवडला, असं मला वाटतं. तुम्हालाही वाटत असणार.

दुसरा मुद्दा मशीनचा निघेल. ‘ते चोवीस तासांत खत करणारं मशीन आणू, कटकट मिटली.’ त्या मशीनमधून चोवीस तासांनी जे बाहेर येतं तो तापवून वाळवलेला, बारीक केलेला कचरा असतो. कोरडा आहे तोवर ठीक. कुंडीत घालून पाणी घातलं की तो नव्याने कुजायला लागतो आणि वास सोडतो. कचरा बारीक करून, भुसा मिसळून, नंतर क्रेटमध्ये दहा-पंधरा दिवस मुरवतात ती पद्धत मोठ्या संकुलांत चालते, तिला माझा विरोध नाही. पण मुरवायला क्रेट लागतात आणि क्रेट उलटायला माणूस लागतो. तिथेही पुन्हा आपण त्याच मावशींकडे येतो, फक्त विजेचं बिल जास्त भरून. आणि गांडुळं नकोच असतील तर पानांत कचरा मुरवून साधं कंपोस्ट करा, ते काही कमी नाही. मग गांडुळांच्या नावावर सवलत मात्र घेऊ नका.

आणखी एक गोष्ट, जी सभेत कोणी काढत नाही. २०१६च्या घनकचऱ्याच्या नियमांनी ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या संकुलांना ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं, ते काही आपल्याला छळायला नव्हे. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या डेपोवर या शहराने वर्षानुवर्षं कचरा ओतला. तिथल्या विहिरींचं पाणी गेलं, ढिगांना आगी लागल्या, लोकांनी रस्त्यावर येऊन गाड्या अडवल्या. गाड्या अडल्या की चार दिवसांत आपल्या गेटबाहेर बादल्या ओसंडायला लागत, आणि आपण म्हणत असू, हे गावकरी किती आडमुठे. त्या ढिगात आपल्या चाळीस घरांच्या पपईची सालं होती.

वेळापत्रकही सांगून ठेवते, म्हणजे ‘बघू’ म्हणायला जागा नको. सभा सप्टेंबरात. ठराव झाला की ऑक्टोबरात हौद रिकामा करून धुवून घ्या, मखर वगैरे बाहेर काढा, पत्रा काढा, मुंग्यांसाठी हौदाभोवती पाण्याची छोटी चर करून घ्या. गांडुळं दिवाळीनंतर आणा, थंडीत ती चांगली बसतात. मार्च-एप्रिलमध्ये आणू नका, कोणी कितीही स्वस्त दिली तरी. पहिले दोन महिने फक्त पाच-सहा घरांची सालं घाला, ज्यांना हौस आहे अशांची. बाकी कचरा मुरत्या कप्प्यांत पानांबरोबर. फेब्रुवारीत पानगळ सुरू होईल, तेव्हा पोती भरून ठेवा, पावसाळ्यात कोरडी पानं मिळत नाहीत. पहिलं खत चाळलं की ते आधी मावशींना विचारून द्या. त्यांच्याही दारात कुंड्या असतात.

किल्लीचं मात्र आजच बघा. आणि सापडली तर कुलूपच काढून टाका.

आपली,
याच शहरातल्या एका सोसायटीची सभासद